कारगिलच्या आकाशात ‘सुरक्षित उंची’ कोठे होती?

कारगिल विजय दिवस जवळ आला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून एक मजकूर हमखास फिरू लागतो. 1999 ची लढाई पायदळाने लढली, वैमानिकांनी शत्रूच्या टप्प्याबाहेर राहून ‘आपोआप’ लक्ष्यावर जाणारे लेसरचे बॉम्ब सोडले आणि नियंत्रणरेषाही ओलांडली नाही, तेव्हा त्यांना धोका असा नव्हताच, असा त्याचा आशय. इथल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उठणाऱ्या मिराज लढाऊ विमानांच्या आवाजाने ज्यांच्या मांडणीवरची भांडी थरथरतात, त्या मुरारच्या लोकांनीही हे पुढे पाठवावे, याचे मला फार वाईट वाटते.

उंचीचे आधी पाहू. 26 मे रोजी हवाई दलाची ‘सफेद सागर’ मोहीम सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-27 चे इंजिन हल्ल्याच्या वेळी बंद पडले. ते बाहेर पडले आणि शत्रूच्या हाती लागले. स्क्वाड्रन लीडर अजय अहुजा यांना परत फिरता आले असते. खाली क्षेपणास्त्रे आहेत हे ठाऊक असूनही सहकारी नेमका कोठे उतरला हे शोधण्यासाठी ते तेथेच घिरट्या घालत राहिले, आणि त्यांच्या मिग-21 ला क्षेपणास्त्र लागले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. 28 मे रोजी एक एमआय-17 हेलिकॉप्टर पाडले गेले व त्यातील चौघेही गेले. विमाने अधिक उंचावरून हल्ले करू लागली ती यानंतर. ती उंची भीतीपोटी निवडलेली नव्हती. तिची किंमत आधीच मोजली गेली होती.

शिवाय उंची कोठून मोजायची? खांद्यावरून डागायचे स्टिंगर क्षेपणास्त्र साधारण 11-12 हजार फूट वर जाते. पण डागणारा स्वतःच 16 हजार फुटांच्या कड्यावर बसला असेल, तर त्याचा टप्पा समुद्रसपाटीपासून 27-28 हजार फुटांवर पोहोचतो. मैदानात जी उंची निर्धास्त असते, ती तेथे धोक्याच्या काठावर येते. त्यात मिग-21, मिग-27 आणि मिराज ही तिन्ही विमाने एकाच इंजिनाची.

लेसरचा बॉम्ब ‘आपोआप’ जातो, हे तर अर्धेच खरे आहे. 24 जूनला मिराजनी टायगर हिलवर असे बॉम्ब टाकले, तेव्हा बॉम्ब सुटल्यावरही तो आदळेपर्यंत तंबूएवढ्या लक्ष्यावर लेसरचा ठिपका धरून ठेवणे भाग होते. मध्ये ढग आला की नेम गेलाच. पुढे 4 जुलैला ते शिखर जवानांनी कडा चढून, रक्त सांडून घेतले. त्यांचा मान मोठाच आहे, पण तो राखण्यासाठी वैमानिकांचा हिरावून घेण्याचे कारण नाही.

राहिली नियंत्रणरेषा. ती न ओलांडण्याच्या आदेशाने वैमानिकाचे काम सोपे झाले नाही, उलट अवघड झाले. हल्ल्याच्या दिशा मोजक्याच उरल्या आणि विमान कोणत्या बाजूने येणार याचा अंदाज खालच्या शत्रूला आधीच बांधता येऊ लागला. विरळ हवेत विमानाला वळायला जागा जास्त लागते, आणि तेथे तर ते रेषेच्या आतच वळवावे लागत होते.