सागवान सगळ्यात कडक हे बरोबर नाही

लेखात फ्लोअरिंगसाठी सागवान सगळ्यात कडक म्हटलंय, ते पटलं नाही ओ. मी खानापूर भागात सुतारकाम करतो, रंधा मारताना हाताला कळतंय की साग त्यामानानं मऊच. जांका टेस्टमध्ये 11.28 मिलिमीटरची स्टीलची गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात, त्यात साग साधारण 1000 ते 1100 पौंड, रेड ओक 1290 आणि हार्ड मेपल 1450, म्हणजे परदेशातलं साधं ओकसुद्धा सागापेक्षा कडक निघतंय.

आमच्याकडचा जांभा (झाड म्हणतोय, चिरा नव्हे) किंवा मत्ती घ्या, ज्याला कोकणात ऐन म्हणतात. आमच्या जुन्या घराच्या माडीला जांभ्याच्या फळ्या आहेत, त्यात ड्रिल न मारता खिळा ठोकला तर खिळाच वाकतोय, आणि सागाच्या फळीवर स्टीलची खुर्ची जरा ओढली की लगेच खड्डा दिसतोय.

पण म्हणून साग वाईट असं अजिबात नाही! खानापूरच्या पावसात दार-खिडक्या फुगतात तिथं साग फुगत-आकसत कमी, अंगात तेल असल्यामुळं वाळवी पण लवकर लागत नाही. मत्ती कडक खरी पण नीट वाळवली नाही तर चिरते, वाकते. त्यामुळं नुसता कडकपणाचा आकडा बघून फ्लोअरिंग घेऊ नका, लाकूड किती वाळलंय ते आधी विचारा, आणि साग घेणार असाल तर खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे (जाड मऊ कापडाचे) तुकडे लावाच.