साहेब, लाल घ्या, उडणार नाही!

फ्यूजला जगात एकच काम असतं: वेळ आली की मरायचं. आणि आपल्याकडे फ्यूजचं कौतुक करायची रीतही एकच: 'बघा, अजून उडाला नाही!' या दोहोंच्या कात्रीत माझा रणगाडा सापडलाय.

रणगाडा म्हणजे जर्मन टायगर, एकास सोळा मापाचा. खरा ५७ टनांचा होता, माझा तोफेसकट पावणेदोन फूट. भाच्याने अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलं, तिथला विजयंता रणगाडा घरी न्यायचा म्हणून भोकाड पसरलं, आणि रिमोटवरचा टायगर ही त्यातून निघालेली तडजोड. १९९४ पासून ते संग्रहालय किती मामांच्या खिशाला चाट लावत असेल कोण जाणे.

या गाड्याला वळायचं म्हणजे एक पट्टा पुढे, दुसरा मागे, आणि अख्खं धूड जागच्या जागी फरफटणार. शहाबादी फरशीवर हे खपून जातं. सतरंजीवर मात्र पट्टे रुततात, दशा दातेरी चाकात शिरतात. मागे मी चिमट्याने चाक साफ केलं, तर त्यातून सतरंजीचा लाल धागा, घरातले लांब केस आणि गजऱ्याचा दोरा असा एकजीव पीळ निघाला. असं काही अडकलं की मोटर 'घूंऽऽ' करून थांबते. भाचा रिमोटची दांडी सोडत नाही. माघार घेतली तर रणगाडा कसला!

फिरती मोटर आपल्या परीने उलटा विद्युतदाब तयार करून करंटला आवर घालत असते. थांबली की तो आवर गेला. माझ्या मोटरचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास, बॅटरी ७.४ व्होल्टची. भागाकार करा, जवळजवळ १५ अँपिअर. एरवी हीच मोटर एक-दोन अँपिअरवर गुजराण करते. बोर्डावरच्या मॉसफेटना, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या चिमुकल्या इलेक्ट्रॉनिक स्विचना, हे सोसत नाही. आधी वास येतो, मग बिल.

म्हणून पहिल्यांदा पॉलीफ्यूज लावला. हा उडत नाही, रुसतो. तापला की आतलं प्लास्टिक फुगतं, कार्बनचे कण एकमेकांपासून दूर होतात, करंट आटतो; गार झाला की पुन्हा कामाला. अगदी दिवाळसणाला आलेला जावई. पण याला रुसायलाही वेळ लागतो. अडीच अँपिअर लिहिलेला फ्यूज पाच अँपिअर झाल्याशिवाय मनावर घेतोच असं नाही, आणि १५ अँपिअरला कधी कधी दहा-दहा सेकंद विचार करतो. तोवर मॉसफेटचं तेरावं उरकलेलं असतं. उलट मे महिन्यात काही अडकलेलं नसतानाही हा गाल फुगवून बसतो.

राहता राहिला गाड्यांमध्ये असतो तो दोन पायांचा चपटा फ्यूज. मोटरमागे एक याप्रमाणे पाच अँपिअरचे, म्हणजे बदामी रंगाचे आणायला मी पुण्यात तपकीर गल्लीत गेलो.

"कुठली गाडी?" दुकानदाराने विचारलं.

"रणगाडा."

त्याने वर न बघता डबा पुढे सरकवला. "बदामी नाही. लाल आहे, दहाचा. निळा आहे, पंधराचा. साहेब, लाल घ्या, उडणार नाही!"

उडायलाच हवाय, असं म्हटल्यावर मात्र त्याने वर बघितलं. मी समजावायला गेलो. फ्यूजवर दहा लिहिलंय म्हणून तो अकराला उडत नाही, अकरा अँपिअर तर तो कित्येक तास निवांत वाहतो. दुप्पट करंट गेला तरी त्याला पाच सेकंदांपर्यंत मुभा असते. मग माझ्या पंधराला लाल फ्यूज काय धूप घालणार? बदामीला तेच पंधरा तिप्पट होतात, तो बहुधा सेकंदाच्या आत राम म्हणतो. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "तुम्हाला काय हवंय?"

बदामी शेवटी एका स्पेअर पार्टवाल्याकडे मिळाले. तेव्हापासून आमच्या सतरंजीवर लढाई झाली की फ्यूज धारातीर्थी पडतो, बोर्ड जगतो, आणि भाचा ओरडतो, "मामा, परत मेला!" मी आनंदाने नवा खोचतो. हा आनंद घरात कोणालाच कळत नाही.

शेजारच्या अण्णांना तर मुळीच नाही. चिनीमातीच्या फ्यूजच्या जमान्यात त्यांनी आख्ख्या चाळीचे फ्यूज बांधलेत, आणि तेही असे की मीटर जळेल पण फ्यूज जाणार नाही. "एवढे पैसे कशाला घालवतोस? जाड तार घाल एक, जन्माची ददात मिटेल." मग बोर्डाचं काय? "बोर्ड कंपनीने मजबूत करायला पाहिजे!"

परवा सकाळी अण्णाच दारात, हातात हेल्मेट. स्कूटर बंद, फ्यूज गेलेला, दहाचा हवा. मी डबी उघडून दाखवली. नुसते बदामी.

"दे तोच," अण्णा म्हणाले, "वरून तार गुंडाळतो."