शिखर घेतलं, पण राखीव फौज कुठे होती?

फ्रान्सच्या 152 व्या पायदळ रेजिमेंटचा विषय निघाला की लोक ‘लाल सैतान’ हे टोपणनाव आणि शौर्य एवढ्यावरच थांबतात. शौर्याबद्दल वाद नाही. पण ही रेजिमेंट समजून घ्यायची तर 21 आणि 22 डिसेंबर 1915 हे दोन दिवस नीट वाचायला हवेत.

फ्रान्सच्या पूर्वेकडच्या आल्सासमधला हार्टमन्सविलरकोप्फ हा डोंगर 956 मीटर उंच. माथ्यावरून ऱ्हाईनचं मैदान पार म्युलूझपर्यंत दिसतं, म्हणून तोफखान्याच्या निरीक्षकांसाठी ही जागा मोलाची. 26 मार्च 1915 ला या रेजिमेंटने माथा जिंकला. 25 एप्रिलला तो जर्मनांनी हिसकावला, दुसऱ्या दिवशी फ्रेंचांनी परत घेतला.

21 डिसेंबरला तोफांनी जर्मन खंदक भाजून काढले, दुपारी पायदळ सुटलं आणि अंधार पडेपर्यंत पूर्वेच्या उतारावर खोल घुसलं. खरी चूक इथून पुढची. खाली जावं तितकी मागची वाट लांबते आणि चढणीची होते. भडिमारात टेलिफोनच्या तारा टिकत नाहीत. निरोप्या धापा टाकत वर पोचेपर्यंत खालचं चित्र बदललेलं असतं. माणसं थकलेली, बाजू उघड्या, आणि पुढे ढकलायला पुरेशी ताजी कुमक नाही. 22 ला जर्मन प्रतिहल्ल्याने रेजिमेंटची मागची वाटच तोडली. मेलेले, जखमी, कैद झालेले धरून सुमारे 2,000 माणसं गेली. म्हणजे रेजिमेंट जवळपास संपलीच. आठवड्याभरात डिव्हिजनचे सेनापती सेरे हेही प्राणांतिक जखमी झाले.

तरीही तीच रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. 1916 मध्ये सोम नदीच्या आघाडीवर, 1917 मध्ये शमँ दे दाम या डोंगरधारेवर लढली. माझ्या मते हेच तिचं सर्वात मोठं काम. तिच्या डाव्या खांद्यावरचा लाल गोफ उगाच मिळालेला नाही: सैन्यपातळीवर 2 गौरव झाले तर हिरवा-लाल, 4 झाले तर पिवळा-हिरवा आणि 6 झाले तरच लाल.

आज ती कोलमारला, 7 व्या चिलखती ब्रिगेडमध्ये आहे. 25 मिमी तोफेची आठचाकी व्हीबीसीआय गाडी जवानांना पुढे नेते. उतरलेल्या गटात तिघा-तिघांच्या दोन तुकड्या असतात, एक 300 मीटरपर्यंतच्या लक्ष्यासाठी, दुसरी 600 पर्यंतच्या. एक पुढे सरकते तेव्हा दुसरी गोळीबाराचा आधार देते.

हार्टमन्सविलरकोप्फला गेलात तर स्मारकाशीच फोटो काढून परतू नका. पूर्वेकडे उतरून जर्मनांचं काँक्रीट बघा, मग तीच चढण पाठीवर ओझं घेऊन चढा. कुमक वेळेत का पोचली नाही, हे पायांना कळेल.