'ध'चा 'घ' होतो तेव्हा

तुमचा आक्षेप असा: छापील पुस्तकाचं ओसीआर करावं (म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन मजकूर बनवावा), वर शुद्धलेखन तपासनीस फिरवावा आणि पुस्तक दृष्टिहीन वाचकाच्या हाती द्यावं, पान न् पान स्कॅनशी ताडत बसलात तर वाचक ताटकळतो. ताटकळतो हे खरंच. परीक्षा तोंडावर असेल तर लागणारी प्रकरणं आधी द्यावीत, बाकीची मागाहून. आणि काम हाती घेण्याआधी ते पुस्तक सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात, आहे का, हेही पाहावं. पण ताडणं वगळायला माझा ठाम विरोध आहे.

'त्यांचा'वरचा अनुस्वार गळला की 'त्याचा' उरतो. 'भात'चा 'मात' होतो, 'दऱ्या'चा 'दर्या'. हे सगळे शब्द शुद्ध आहेत, त्यामुळे तपासनीस एकाखालीही लाल रेघ ओढत नाही. डोळस माणूस शंका आली तर मूळ पान बघतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. अनेकांचं घर एका माणसाचं झालं तरी त्याला कळायला मार्ग नसतो.

अनुस्वार बरेचदा आपणच घालवतो. स्कॅन केलेली पानं साफ करणाऱ्या स्कॅनटेलरमध्ये डीस्पेकल (डाग पुसण्याची सोय) जोरात लावलं की डागांबरोबर टिंबंही पुसली जातात. ते बंद ठेवा, फार तर सर्वांत सौम्य. स्कॅन ३०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत); बारीक तळटिपा असतील तर ४००. थेट काळं-पांढरं नको. 'ध' आणि 'भ' यांच्या माथ्यावर शिरोरेघ तुटलेली असते. जुन्या छपाईत शाई पसरून ती फट आधीच अरुंद झालेली असते, काळ्या-पांढऱ्यात ती पार बुजते आणि 'ध'चा 'घ' होतो.

पानांच्या माथ्यावरची पुस्तकाची नावं काढाच, नाहीतर ती वाक्याच्या मध्येच ऐकू येतात. पाठ्यपुस्तकात पानांचे आकडे मात्र ठेवा, स्वतंत्र ओळीवर. वर्गात 'पान ४२ उघडा' म्हटलं की तेच लागतात. प्रकरणांच्या नावांना नुसता ठळक ठसा पुरत नाही, वर्डमधली 'हेडिंग १' ही शैली द्या. मग एनव्हीडीए या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ब्राउझ मोडमध्ये 'एच' दाबून वाचक प्रकरणागणिक पुढे जातो.

वेळ वाचवायचाच तर ताडण्याची रीत बदला. मजकूर एनव्हीडीएकडून वाचून घ्या आणि डोळे स्कॅनवर ठेवा. गळलेला अनुस्वार लगेच कानाला खटकतो. 'र्य' आणि 'ऱ्य' मात्र ऐकताना निसटू शकतात. त्यासाठी शेवटी वर्डमध्ये 'र्य' शोधा आणि सापडेल ते प्रत्येक ठिकाण स्कॅनवर पाहा: तिथे 'आचार्यांना' आहे की 'आचाऱ्यांना'?