पार्टचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही

जुनी गाडी घेताना लोक विकणाऱ्याशी तास-दोन तास घासाघीस करतात. त्यात जे वाचतं ते पहिल्याच महिन्यात सीट कव्हर, मॅट आणि नव्या म्युझिक सिस्टिमवर उडवतात. पण "घेण्याआधी एखाद्या मेकॅनिकला पैसे देऊन दाखव, ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नाही अशाला" असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "नुसतं बघायचे पैसे?"

हो, नुसतं बघायचेच. जुन्या गाडीवर होणाऱ्या सगळ्या खर्चांत दोष नेमका कुठे आहे हे शोधायला दिलेले पैसे सगळ्यात स्वस्त पडतात, हे माझं ठाम मत आहे. आणि नेमके तेच देताना आपण खळखळ करतो. पार्टचं बिल मुकाट्याने भरतो, कारण पार्ट हातात धरून बघता येतो. कुणीतरी अर्धा तास डोकं लावलं, हे दिसत नाही ना!

खरेदीपासून सुरुवात करू. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाने कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून काढता पाय घेतात. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. सिद्धांत बिनतोड आहे. माझी पुरवणी एवढीच, की बऱ्याचदा विकणाऱ्यालाही काही माहीत नसतं. तो खोटं बोलत नसतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं, यातलं त्याला खरोखरच काही ठाऊक नसतं. त्यामुळे "माणूस सज्जन वाटला" हा गाडी घेण्याचा निकष होऊ शकत नाही. सज्जन माणसाच्या गाडीचंही हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) जातं.

मग बघायचं काय? इंजिन थंड असताना गाडी बघा. आधीच सांगून ठेवा, "मी आल्याशिवाय सुरू करू नका." पोचल्यावर बोनेटवर हात ठेवून बघा. बोनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना सेल्फ किती वेळ मारावा लागतो, टायमिंग चेन पहिले काही सेकंद खडखडते का, व्हॉल्व्ह सील गेल्याचा निळसर धूर येतो का, हे सगळं थंड इंजिनच सांगतं. गाडी अर्धा तास फिरवून आणली की यातलं बरंचसं झाकलं जातं.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे. दिवा विझतो, गाडी "क्लीन" होते. पण कोड पुसला की गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात, धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरची, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरची, अशा सगळ्या. त्या पुन्हा पूर्ण व्हायला थोडं गर्दीतलं, थोडं मोकळ्या रस्त्यावरचं, थंड इंजिनपासून सुरू झालेलं असं बरंच ड्रायव्हिंग लागतं. साध्या स्कॅनरवरही "तपासणी अपूर्ण" असं दिसतं. रोज वापरातली म्हणून सांगितलेल्या गाडीत जवळपास सगळ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर नुकताच कोणीतरी कोड पुसलाय किंवा बॅटरी काढलीय. विचारा. उत्तर देताना तो कुठे बघतो, तेही बघा.

किलोमीटरच्या रिडिंगवर मात्र लोक उगाच भाळतात. कमी चाललेली म्हणजे चांगली, हा समज डोक्यातून काढून टाका. मीटर मागे फिरवता येतो, हे एक. त्यासाठी पेडलचं रबर, स्टिअरिंगची झालेली गुळगुळीत कड, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू बघा. ती मीटरपेक्षा खरं बोलते. आणि मीटर खरा असला तरी रबर, सील, कूलंट, ब्रेक ऑइल हे सगळं उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नव्यासारखी आणि टायर मात्र दहा वर्षांचा, असं सर्रास दिसतं. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. मालक कार्पेट धुतो, पण बेल्टच्या गुंडाळीच्या तळाशी राहिलेला मातकट डाग सहसा त्याच्या लक्षात येत नाही.

एवढं तुम्ही स्वतः बघू शकता. पण गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायला, स्कॅनरवर चालू गाडीचे आकडे वाचायला, सबफ्रेमचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, गंज टोकरून बघायला जाणकारच लागतो. त्याला पैसे द्या. त्याने "नको" म्हटलं तर ते पैसे वाया गेले असं समजू नका, उलट जास्त द्या.

आता माझा खरा राग. दुरुस्ती.

ओळखीतल्या एकाची गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सुरूच व्हायची नाही. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. पुन्हा तेच. मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उघडून दुरुस्त केला. पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी एक वयस्कर इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांनी आधीच सांगितलं, "शोधायचे पैसे वेगळे घेईन, सापडलं तरी आणि नाही सापडलं तरी." ओळखीच्या गृहस्थांना हे उद्धट वाटलं होतं.

इलेक्ट्रिशियननी बोनेट उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने आतल्या आत बंद केलं, म्हणजे गाडीला वाटावं की बोनेट लागलंय. गाडी लॉक केली आणि चक्क चहा प्यायला गेले. कारण लॉक केल्यावर गाडीतले संगणक एकेक करून झोपी जायला वेळ लागतो, कधी वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत घेतलेलं माप खोटं. परत आल्यावर एकही फ्यूज न काढता त्यांनी प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांवर मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या. फ्यूजमधून करंट जात असेल तर मिलिव्होल्टमध्ये काहीतरी दिसतंच. फ्यूज उपसून परत लावला तर झोपलेला संगणक जागा होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून ही पद्धत. एका फ्यूजवर आकडा आला. आतल्या दिव्यांचा फ्यूज. मग त्यांनी आपला फोन व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला, डिकी लावली, थोड्या वेळाने उघडली. व्हिडिओत डिकीचा दिवा ढळढळीत चालू. स्विच अडकला होता.

हिशेब करून बघा. ५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर घेतो. दिवसाला दहाच्या आसपास अँपिअर-तास. छोट्या गाडीच्या बॅटरीची एकूण क्षमताच बहुधा चाळीसेक अँपिअर-तास. तीन-चार दिवसांत बॅटरी आडवी होणारच, ती कितीही नवी असो. झोपलेल्या गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरच्या आतच करंट घ्यायला हवा, म्हणजे हा त्याच्या आठपट होता. नवी बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या खर्चापुढे त्या स्विचची किंमत सांगायलाही लाज वाटते.

यात पहिल्या गॅरेजवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही. तो शोधायचे पैसे मागत नाही, कारण मागितले तर गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजात जातं. मग त्याची कमाई कशातून? पार्टमधून आणि तो बसवण्याच्या मजुरीतून. ज्याला पार्ट बदलला तरच पैसे मिळतात तो पार्ट बदलणार. ही व्यवस्था आपणच घडवली आहे, फुकट बघून द्या, फुकट बघून द्या करत.

दुसऱ्या टोकाचेही आहेतच. स्कॅनर लावायचे पैसे घेतात, कोड वाचून दाखवतात आणि त्यालाच निदान म्हणतात. कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे, तिथून निदान सुरू होतं. पी०१७१ हा कोड आला की अर्थ एवढाच, की संगणकाच्या मते इंधनाच्या मानाने हवा जास्त पडतेय. यावर ऑक्सिजन सेन्सर बदलणारे महाभाग आहेत. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. हवा आत शिरत असते इनटेकच्या एखाद्या चिरलेल्या रबरी पाइपमधून. धूर सोडून तपासलं तर चीर कुठे ते काही मिनिटांत दिसतं. पी०४२० म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड. त्याला तर सरळ कन्व्हर्टरच बदलायला सांगतात, आणि तो गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक. आधी एक्झॉस्टला गळती आहे का, सेन्सर धड आहे का, इंजिन मिसफायर करून कन्व्हर्टर जाळतंय का, हे कोणी बघायचं?

चांगला मेकॅनिक ओळखायची माझी एक साधी खूण आहे. दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नाही, आणि पी०३०२ आलाय. चांगला माणूस ठिणगीसाठी वीज देणारी नवी कॉइल मागवण्याआधी दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदलतो आणि गाडी चालवतो. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघायचं. खर्च शून्य. जो असं करतो त्याचा फोन नंबर जपून ठेवा.

आपलीही यात जबाबदारी आहे. "गाडी आवाज करते" ही तक्रार नव्हे. आवाज कधी येतो? थंड असताना की गरम झाल्यावर? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? गूं गूं असा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि डावीकडे वळताना आणखी वाढतो, तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर कटकट आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं तर आधी बॅलन्सिंग, फक्त ब्रेक मारताना थरथरतं तर डिस्क. हे सांगितलंत तर मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो. नाही सांगता आलं तर त्याला शेजारी बसवून चक्कर मारा. आणि कृपा करून "सस्पेन्शन करून टाका" असं स्वतःच निदान घेऊन जाऊ नका. तो करून टाकेल. आवाज तसाच राहील.

काही ठिकाणी मात्र शोधत बसायचं नाही, सरळ बदलायचं. बिल नसेल तर काम झालेलंच नाही असं धरून चालायचं. टायमिंग बेल्ट यात पहिला. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि मग इंजिन खोलण्याशिवाय गत्यंतर नाही. मग ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं. ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल भरलेल्याचा मानकातला किमान आकडा १५५ आहे. लांब उतारावर सतत ब्रेक मारताना ते उकळलं, तर पेडल थेट खाली जातं. कूलंट ठरलेल्या प्रकारचंच, नुसत्या नळाच्या पाण्यावर भागवायचं नाही. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेली डिझेल गाडी रोज जेमतेम दोन-चार किलोमीटर चालणार असेल तर ती घेऊच नका. साचलेली काजळी जाळायला फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. तेवढा वेळ गाडी चाललीच नाही तर फिल्टर तुंबतो आणि अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांत डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

बाकी, जुनी गाडी शंभर टक्के ठीक कधीच नसते. मेकॅनिकने लांबलचक यादी दिली की मी तीनच प्रश्न विचारतो. यातलं जिवावर बेतणारं काय? आज सोडलं तर उद्या मोठा खर्च काढेल असं काय? आणि नुसतं खटकणारं काय? पहिलं ताबडतोब, दुसरं पुढच्या महिना-दोन महिन्यांत. तिसऱ्या यादीत माझ्या गाडीची मागची काच आहे, बटणाने खाली होत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, मागे एसी लागतो, काच कशाला हवीय?