लखोबा लोखंडे : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: लखोबा लोखंडे हा निपाणीचा खराखुरा तंबाखू व्यापारी, त्यानं अनेक बायकांना फसवलं, म्हणून भामट्याला ‘लखोबा’ म्हणतात. सोबत एक जुना फोटो.

हे खरं नाही. लखोबा आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकातला. छापील नाटक काढून बघा. आरोपी कोर्टात एकच धोशा लावतो: मी निपाणीचा तंबाखू व्यापारी, तुम्ही म्हणता तो मी नव्हेच! म्हणजे निपाणी आली ती आरोपीच्या बचावातून. अत्र्यांना कथानक मिळालं माधव काझी नावाच्या ठकाच्या गाजलेल्या खटल्यावरून. लखोबा हे नाव नाटकातलंच. आणि फोटो आहे तो रंगभूषेतल्या प्रभाकर पणशीकरांचा. त्या नाटकात त्यांनी पाच रूपं केली होती.

निपाणी तंबाखूसाठी प्रसिद्ध, त्यामुळं थाप पटकन पटते. पण आता मेसेजला ‘हे त्याचेच वारस’ म्हणून एका चालत्या पेढीचं नाव जोडलंय, आणि त्या घरातल्या पोरांना शाळेत चिडवतात. तेव्हा मेसेज पुढं ढकलू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.