रोज रात्री म्हणे कॅशे पुसा!

"फोन हळू चालतोय? बॅटरी टिकत नाही? रोज झोपताना सिस्टिम कॅशे पुसा. जागा मोकळी होईल, हॅकर फिरकणार नाहीत. कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत!" हे ढकलपत्र सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर धुमाकूळ घालतंय. कॅशे म्हणजे काम पटकन व्हावं म्हणून फोनने हाताशी ठेवलेली तात्पुरती माहिती. खाली कृतीही दिलीय: फोन बंद करा, पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरा, काळ्या पडद्यावर 'वाइप' निवडा, विचारलं तर 'येस' म्हणा. परवा मावशीने काकांच्या फोनवरून विचारलं, "अरे, दोन-दोन वाइप दिसतायत, कुठलं दाबू?"

काहीही दाबू नकोस, मावशी.

पत्रातले बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, ही कृती मात्र घातक आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांच्या रिकव्हरी मेनूत, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, 'वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट' ही ओळ 'वाइप कॅशे पार्टिशन'च्या (कॅशेचा राखीव कप्पा पुसण्याच्या ओळीच्या) बरोबर वर असते. तिथे बहुतेकदा बोट चालत नाही. आवाजाच्या बटणाने एकेक ओळ खाली यायचं आणि पॉवरने निवडायचं. अक्षरं बारीक, सगळी इंग्रजी. वरून खाली येताना आधी लागते ती फोन कोरा करणारी ओळ. फोन खात्री करून घेतो, पण 'येस म्हणा' हे आधीच पढवून ठेवलंय ना! येस म्हटलं की नातवंडांचे फोटो, चॅट, नंबर, सगळं साफ. आजकालच्या फोनांतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. मग नाक्यावरच्या मोबाइलवाल्याच्या हातात काही राहत नाही. बॅकअप असेल तेवढंच परत येतं. वर फोन पुन्हा सुरू झाला की आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो कधीकाळी जावयाने टाकून दिलेला असतो आणि जावयालाही आठवत नसतो.

एवढी जोखीम घेऊन मिळतं काय? अँड्रॉइड बनवणाऱ्यांच्याच तांत्रिक कागदपत्रांत लिहिलंय की कॅशे पार्टिशन तात्पुरत्या माहितीसाठी असतं आणि त्याला 50 ते 100 एमबी पुरेत. 128 जीबीच्या फोनमध्ये एवढी जागा मोकळी झाली काय, न झाली काय. पुढे असंही आहे की 'ए/बी' पद्धतीने, म्हणजे सिस्टिमच्या दोन प्रती ठेवून आलटून-पालटून, अपडेट होणाऱ्या फोनांत हे पार्टिशन नसलं तरी चालतं. ही पद्धत 2016 च्या अँड्रॉइड 7 पासून आली. म्हणजे कित्येक फोनांत जे पुसायचं तेच जागेवर नाही. अशा फोनवर हे पत्र वाचणाऱ्याला 'वाइप' एकच दिसणार, आणि ते कुठलं असेल ते सांगायला नको.

"कंपन्या सांगणार नाहीत" हे तर धादांत खोटं. सॅमसंगच्या मदत पानांवर हा उपाय उघड दिलेला आहे. आता दिलाय म्हणजे त्यात काहीतरी तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य. मोठ्या अपडेटनंतर फोन अडखळायला लागला तर कधीमधी एकदा करून बघायचा तो उपाय आहे. रात्रीच्या रामरक्षेसारखा रोजचा नेम नव्हे. एखादंच ॲप सारखं बंद पडत असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपची कॅशे पुसल्याने खरंच फरक पडू शकतो. फक्त शेजारचं 'क्लिअर डेटा' दाबू नका.

बॅटरीचं उलटंच आहे. ॲपची कॅशे पुसली की तीच चित्रं ॲप पुन्हा उतरवून घेतं, म्हणजे डेटाही जातो आणि बॅटरीही. जागा कमी पडली तर 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून फोन स्वतःच, ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त कॅशे अडवून बसलेल्या ॲपांपासून सुरुवात करत ती काढून टाकतो. फोन खरोखर भरतो तो सुप्रभातच्या फुलांनी आणि लग्नांच्या व्हिडिओंनी, आणि ते काही कॅशे नव्हे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा, सगळ्यात जड फायली समोर मांडलेल्या दिसतील.

हॅकरबद्दल काय बोलणार? लबाड ॲप कॅशेत नसतं, तुम्हीच इन्स्टॉल केलेलं असतं. ढकलपत्राच्या तळाशी 'क्लीनर'ची लिंक आहे, ती त्यातलीच निघू शकते. असली ॲप्स सफाईच्या नावाखाली 'ॲक्सेसिबिलिटी'ची (दिव्यांगांना फोन वापरता यावा म्हणून असलेल्या सोयीची) परवानगी मागतात. ती मिळाली की पडद्यावरचं सगळं, अगदी ओटीपीसुद्धा, त्यांना वाचता येतं. ज्यांनी ती लिंक दाबून ॲप घेतलंय, त्यांनी सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडून आधी परवानगी काढा आणि मग ॲप उडवा.